चिठ्ठी टाकण्याआधी

प्रोस्टेटचा कर्करोग परत येतो तेव्हा तो बहुतेक वेळा आधी कागदावर येतो. शस्त्रक्रिया होऊन तीन-चार वर्षं झालेली असतात. माणूस सकाळी फिरायला जात असतो, नातवाला शाळेच्या बसपर्यंत सोडत असतो, कुठे दुखतखुपत नसतं. दर सहा महिन्यांनी रक्त तपासायचं म्हणून तो तपासतो. ग्रंथी काढून टाकल्यावर पीएसए हा आकडा जवळजवळ शून्यावर जायला हवा, आणि तसा तो गेलेलाही असतो. आता तो ०.२ दिसतो, पुढच्या खेपेला ०.४. हाडांच्या स्कॅनमध्ये काही नाही, सीटी स्कॅनमध्ये काही नाही. डॉक्टर याला ‘जैवरासायनिक पुनरुद्भव’ म्हणतात. शब्द जड आहे पण नेमका आहे. रोग रसायनात परतला आहे, देहाला त्याची अजून खबर नाही.

१९९९ साली अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्समधल्या डॉक्टरांनी अशी शस्त्रक्रिया झालेल्या १,९९७ पुरुषांचा पाठपुरावा प्रसिद्ध केला. त्यातल्या ३१५ जणांचा आकडा पुन्हा चढला होता. आकडा चढल्यापासून रोग शरीरात दुसरीकडे दिसू लागेपर्यंतचा मध्यक काळ निघाला ८ वर्षं, आणि तिथून मृत्यूपर्यंत आणखी ५. सरासरीच्या भाषेत कुणाही एका माणसाचं भविष्य सांगता येत नाही. कुणाचा आकडा तीन महिन्यांत दुप्पट होतो, तर कुणाचा तीन वर्षांतही होत नाही. तरी त्या तेरा वर्षांकडे एकदा नीट पाहायला हवं. सदुसष्टाव्या वर्षी ज्याचा आकडा हलला, त्याच्यापुढे कदाचित एक अख्खं म्हातारपण पडलेलं आहे, आणि त्यातली पहिली काही वर्षं तो निरोगी माणसासारखीच जगणार आहे.

अशा माणसाला विचारलं जातं: एक चाचणी चालू आहे, भाग घ्याल का? काहींना एकच उपचार मिळेल, काहींना दोन एकत्र. कुणाला काय मिळणार ते संगणक ठरवेल. काय चांगलं ते आम्हाला अजून ठाऊक नाही, म्हणूनच तर चाचणी.

वैद्यकीय नीतीवर लिहिणारे लोक बहुधा मरणाच्या दारातल्या रुग्णाबद्दल बोलतात. तो हताश असतो, कशालाही हो म्हणेल, म्हणून त्याला जपलं पाहिजे. इथला प्रश्न उलटा आहे. या माणसापाशी गमावण्यासारखं पुष्कळ आहे. हार्मोन दाबणारा उपचार किंमत आधी वसूल करतो आणि मोबदला शेवटी देतो. इच्छा जाते, ताठरता जाते, अंगातून वाफा निघतात, स्नायू गळतात, पोट सुटतं, हाडं विरळ होतात, कुणाकुणाला छाती भरून येते, कुणाला कारण नसताना रडू येतं. हे सगळं आत्ताच्या चांगल्या वर्षांत. आणि मिळालंच तर मिळेल ते दहा-बारा वर्षांनी, जेव्हा तो कदाचित हृदयविकाराने आधीच गेलेला असेल. असा सौदा एखाद्याने स्वतःसाठी करावा की नाही, हा एक प्रश्न. त्याने तो इतरांना काही कळावं म्हणून करावा असं त्याला सांगण्याचा अधिकार कुणाला, हा दुसरा.

पहिल्या प्रश्नाचा इतिहास १९४१ पर्यंत मागे जातो. शिकागोमध्ये चार्ल्स हगिन्स आणि क्लॅरेन्स हॉजेस यांनी दाखवलं की अंडकोष काढले किंवा इस्ट्रोजेन हे स्त्री-हार्मोन दिलं, तर पसरलेला प्रोस्टेटचा कर्करोगही मागे हटतो. हगिन्सला यासाठी १९६६ साली नोबेल मिळालं. मधल्या पंचवीस वर्षांत जगभर पुरुषांना इस्ट्रोजेनच्या गोळ्या दिल्या गेल्या, चांगल्या हेतूने, डोळ्यांसमोर रुग्ण बरे वाटताना पाहून. मग १९६० च्या दशकात अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयांनी रीतसर गट पाडून ही गोळी तपासली. मोठ्या मात्रेत ती घेणारे कर्करोगाने कमी मरत होते, पण हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या विकाराने जास्त मरत होते. हे कुठल्याही एका डॉक्टरला आपल्या दवाखान्यात बसून कधीच कळलं नसतं. म्हातारा माणूस हृदयविकाराने गेला, यात कुणाला काय नवल वाटणार?

म्हणून जेव्हा कुणी म्हणतं की रुग्णांवर ‘प्रयोग’ नकोत, डॉक्टरांनी सरळ योग्य तो उपचार द्यावा, तेव्हा मला त्या गोळ्यांची आठवण होते. तोही प्रयोगच होता. फक्त त्याची वही कुणी ठेवली नव्हती.

दोन औषधं एकत्र द्यायची कल्पनाही अशीच दिसायला निर्दोष. अंडकोष थांबवले तरी मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथी थोडं पुरुषी हार्मोन करतच राहतात. मग एक इंजेक्शन अंडकोषांसाठी आणि एक गोळी उरलेल्या हार्मोनला पेशीच्या दाराशी अडवण्यासाठी, असा दुहेरी बंदोबस्त का नको? १९८० च्या दशकात या तर्काने अनेकांना झपाटलं. २००० साली ‘लॅन्सेट’मध्ये २७ चाचण्यांतल्या ८,२७५ पुरुषांचा एकत्र हिशेब आला. पाच वर्षांनी जिवंत असलेले, दोन्ही घेणाऱ्यांत २५.४ टक्के, एकच घेणाऱ्यांत २३.६. तर्क बिनचूक, आणि हाती पावणेदोन टक्के. पुढे २०१५ मध्ये हार्मोन उपचाराला डोसिटॅक्सेल हे केमोचं औषध सुरुवातीलाच जोडून पाहिलं, तेव्हा रोग पसरलेल्या ७९० पुरुषांत मध्यक आयुष्य ४४ महिन्यांवरून ५७.६ महिन्यांवर गेलं. याचाही तर्क आधी मांडता आला असता, आणि याच्या उलटाही. औषधांच्या जोड्या लग्नाच्या जोड्यांसारख्या. पत्रिका जुळली म्हणून संसार जुळेल याची खात्री नाही.

दुसरा प्रश्न मात्र आकड्यांनी सुटत नाही. काही वर्षं मी मराठी मुलखाबाहेरच्या एका शहरात, एका रुग्णालयाच्या नीतिसमितीवर होते. नियमांप्रमाणे अशा समितीवर डॉक्टरांखेरीज कायदा जाणणारा एक, समाजशास्त्र किंवा नीतिशास्त्र जाणणारा एक आणि एक ‘सामान्य व्यक्ती’ लागते. शिवाय एक तरी स्त्री हवी. मी भाषेची शिक्षिका, त्यामुळे एका खुर्चीत बसून दोन चौकटी भरत असे. काहीच माहीत नसणं ही ज्याची पात्रता, असं दुसरं पद मला आयुष्यात मिळालं नाही. विदर्भ आणि खानदेशातून तिथे पुष्कळ रुग्ण येत, म्हणून संमतीपत्रक इंग्रजी आणि हिंदीबरोबर मराठीतही असायचं. ते वाचायचं काम ओघाने माझ्याकडे आलं.

अशाच एका एकत्रित उपचाराच्या चाचणीचं पत्रक समोर आलं. भाषांतर शुद्ध होतं आणि त्यातून काहीही कळत नव्हतं. ‘सहभागींचे यादृच्छिकीकरण करण्यात येईल.’ हे वाक्य इंग्रजीतून मराठीत आलं, मराठीतून दुसऱ्याने परत इंग्रजीत नेलं, जुळलं, शिक्का बसला. दोन्ही वेळा ज्याच्यासाठी लिहिलं तो माणूस मधे कुठेच नव्हता.

संमती कशी घेतली जाते ते पाहायला समितीतल्या एकाने कधीमधी बसावं असा प्रघात होता. मी बसले तेव्हा वऱ्हाडातले एक शेतकरी होते, सत्तरीच्या आतबाहेरचे. तरुण डॉक्टरीणबाई त्यांना संगणक, गट, समान शक्यता असं समजावत होत्या. ते ऐकून घेत होते. मग म्हणाले, “म्हणजे चिठ्ठ्या टाकनार तुमी.”

त्यांच्या एका शब्दाने माझ्या डोक्यातला गुंता सुटला, तो असा. आपल्याकडे भावाभावांत जमिनीची वाटणी होते तेव्हा आधी वाटे पाडतात. काळी कुठे, मुरमाड कुठे, विहीर कुणाच्या हद्दीत येते, बांधावरची झाडं कशी मोजायची, यावर आठवडाभर वाद होतो. सगळ्यांना वाटे सारखे वाटले की मगच घरातल्या लहान पोराच्या हातून चिठ्ठ्या उचलतात. चिठ्ठी न्याय्य ठरते ती वाटे आधी प्रामाणिकपणे सारखे पाडले म्हणून. वाटे पाडणाऱ्या थोरल्याला एका तुकड्याखाली पाणी आहे हे ठाऊक असेल आणि तो गप्प राहिला असेल, तर चिठ्ठी हा पोराच्या हातून केलेला दगा होतो. आणि कुणालाच ठाऊक नसेल, आणि दहा वर्षांनी एकाची विहीर आटली, तर ते दुःख आहे, अन्याय नाही.

कॅनडातले तत्त्वज्ञ बेंजामिन फ्रीडमन यांनी १९८७ मध्ये जे मांडलं ते हेच. एखाद्या डॉक्टरचा मनातून एका उपचाराकडे कल असू शकतो. तेवढ्याने चाचणी अनैतिक ठरत नाही. जाणकारांच्या समुदायात खरोखर मतभेद असेल, कुठला वाटा सरस ते एकूण शास्त्रालाच माहीत नसेल, तर चिठ्ठी टाकता येते. आणि ज्या दिवशी ते कळेल त्या दिवशी थांबलं पाहिजे. यासाठी चाचणीबाहेरच्या लोकांची एक समिती असते, तिला गटांचे आकडे मधूनमधून उघडून दाखवतात. विहिरीत दोर सोडून पाणी पाहणारी माणसं म्हणा. त्यांचंही काम सोपं नाही. अबिराटेरोन या औषधाच्या १,०८८ पुरुषांवरच्या एका चाचणीत त्यांनी मधेच पडदा उघडायला सांगितलं, म्हणजे नकली गोळी घेणाऱ्यांनाही खरी मिळू शकेल. रोगाची वाढ लांबली होती हे स्पष्ट होतं, पण आयुष्य वाढलं असं म्हणायला आधी ठरवलेली रेषा ओलांडली गेली नव्हती. यावरून टीका झाली. शेवटच्या हिशेबात ३४.७ महिने विरुद्ध ३०.३ असा फरक निघाला. त्या समितीने आधी उघडलं ते गटातल्या माणसांसाठी. टीका करणारे बोलत होते पुढच्या माणसांसाठी, ज्यांना पक्कं उत्तर हवं होतं. दोघांच्याही बाजूला माणसंच होती, ही यातली खरी अडचण.

इथे हान्स योनास या जर्मन तत्त्वज्ञाला टाळून पुढे जाता येत नाही. १९६९ च्या एका निबंधात त्याने म्हटलं आहे की वैद्यकाची प्रगती हे समाजाचं ऐच्छिक ध्येय आहे, कर्ज नव्हे. आधीच्या पिढ्यांनी आपल्यासाठी देह झिजवले म्हणून आपणही झिजवलेच पाहिजेत, असा दावा कुणावर लावता येत नाही. रोग थोडे सावकाश जिंकले गेले तर समाज मोडत नाही. माणसाला साधन म्हणून वापरायची सवय लागली तर मोडतो. म्हणून त्याचा आग्रह असा की प्रयोगासाठी आधी त्यांनी पुढे यावं ज्यांना तो प्रयोग सर्वांत चांगला समजतो, म्हणजे खुद्द शास्त्रज्ञांनी, आणि सर्वांत शेवटी त्यांना विचारावं जे सर्वांत लाचार आहेत. आपल्या रुग्णालयांतला क्रम बरोबर उलटा असतो. आपल्या पुराणात दधीची आहे. देवांना शस्त्रासाठी हाडं हवी होती, त्याने दिली. पण तो ऋषी होता, त्याला काय मागितलं जातंय ते पुरतं कळत होतं, आणि मागायला देव स्वतः आले होते. ओपीडीच्या रांगेत तीन तास उभं राहून आलेल्या माणसाला दधीचीचा दाखला देणं मला बरं वाटत नाही.

तरी योनासशी मी पूर्ण सहमत होऊ शकत नाही, आणि त्याचं कारण एक चाचणी आहे. १९९८ ते २००३ या काळात उत्तर अमेरिकेत ७६० पुरुष एका चाचणीत आले. ग्रंथी काढल्यावर सगळ्यांचा पीएसए पुन्हा चढला होता. सगळ्यांना किरणोपचार दिले. चिठ्ठी टाकून अर्ध्यांना दोन वर्षं बायकॅल्युटामाइडची गोळी दिली आणि अर्ध्यांना तशीच दिसणारी नकली. बारा वर्षांनी गोळीवाल्यांतले ७६.३ टक्के जिवंत होते, नकलीवाल्यांतले ७१.३. गोळीवाल्यांपैकी ६९.७ टक्के पुरुषांची छाती वाढली, नकलीवाल्यांपैकी १०.९ टक्क्यांची.

हे आकडे सावकाश वाचावेत. शंभर माणसांत जास्तीचे पाच जगले. किंमत मोजली मात्र त्याच्या कितीतरी पटींनी लोकांनी, आणि ते पाच कोण हे त्या पाचांनाही कधी कळणार नाही. दुकानात पैसे दिले की वस्तू हातात येते. इथे सगळ्यांनी मिळून पैसे दिले, वस्तू पाचांच्या घरी गेली, आणि कुणाच्या घरी गेली याची पावती नाही. गोष्ट इथेही संपली नाही. २०२० मध्ये त्याच चाचणीची माहिती पुन्हा चाळली गेली. ज्यांचा पीएसए सुरुवातीला ०.६ किंवा त्याहून कमी होता, म्हणजे ज्यांना आज सर्वसाधारणपणे लवकर किरणोपचार दिले जातात, त्यांच्यात गोळीने आयुष्य वाढल्याचं दिसलं नाही. उलट कर्करोगाखेरीज इतर कारणांनी होणारे मृत्यू गोळीवाल्यांत जास्त होते. तर मग या चाचणीत त्याग कुणी केला? दोन वर्षं नकली गोळी गिळणाऱ्यांनी, की कमी आकडा असूनही खरी गिळणाऱ्यांनी? सही करताना कुणालाच माहीत नव्हतं, आणि त्यांनी सह्या केल्या नसत्या तर आजही माहीत नसतं. आज ०.३ आकडा घेऊन येणाऱ्या माणसाला ‘तुम्हाला ही गोळी बहुधा नको’ असं डॉक्टर सांगू शकतो, ते त्यांच्यामुळे. हे ऋण फेडण्याची सक्ती कुणावर नाही, इथपर्यंत योनास बरोबर आहे. पण ऋणच नाही असं मला म्हणवत नाही.

पुन्हा त्या मराठी पत्रकाकडे येते, कारण संमतीचा खरा प्रश्न मला तिथे दिसला. इंग्रजी वैद्यक या उपचाराबद्दल आपसांत बोलताना स्पष्ट शब्द वापरतं. औषधाने हार्मोन जितकं खाली जातं त्या पातळीला वैद्यकीय परिभाषेत बैलाच्या बाबतीत वापरतात तोच शब्द आहे, आणि रोग पुढे त्या उपचारालाही जुमानेनासा झाला की त्याच्या नावातही तोच. मराठीत त्यासाठी ‘खच्ची करणे’ हा शब्द आहे, तो ज्याच्या दावणीला कधी बैल होता त्या प्रत्येकाला माहीत आहे. पत्रकात होतं: ‘हार्मोनचे प्रमाण नियंत्रित करणारे उपचार’. नियंत्रित! वाचणाऱ्याला वाटावं की साखर नियंत्रित करतात तसंच काहीतरी.

मी हरकत घेतली. एक ज्येष्ठ सर्जन म्हणाले, “ताई, तो शब्द घातला तर एकही माणूस सही करणार नाही.” मला ते चाचणीच्या विरोधातलं सर्वांत जोरदार विधान वाटलं, आणि तसं मी म्हटलंही. पण घरी येऊन विचार केल्यावर त्यांच्या म्हणण्यातही काही आहे असं जाणवलं. ‘खच्ची’ या शब्दात वैद्यकीय घटनेपेक्षा जास्त काही आहे. त्यात मान मोडणं आहे, जू मानेवर घेणं आहे. वर्तमानपत्रं ‘मनोबलाचं खच्चीकरण’ लिहितात ते यामुळेच. माणसाला खरं सांगायचं तर त्याच्यावर अपमानही लादायचा का? शेवटी आम्ही शब्द टाळला आणि वाक्य लिहिलं: या औषधाने अंडकोषांचं काम थांबतं, अंडकोष काढून टाकल्यावर शरीरात जे होतं तेच, औषध चालू असेपर्यंत, होतं. पुढे काय काय होतं त्याची यादी, साध्या शब्दांत. वाफांबद्दलचं वाक्य मी लिहिलं, कारण खोलीत त्यांचा अनुभव असलेली मी एकटीच होते. अर्धी माणुसकी हे सगळं पन्नाशीत कुठल्याही संमतीपत्रकावाचून सोसते, हा विचार माझ्या मनात येऊन गेला, पण तो इतिवृत्तात घालण्यासारखा नव्हता.

पॉल ॲपलबाम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये एका गैरसमजाला नाव दिलं, ‘उपचाराचा भ्रम’. चाचणीत येणाऱ्याला वाटतं की इथे प्रत्येक निर्णय माझ्या भल्यासाठी घेतला जाणार. खरं तर मात्रा, तपासण्या, वेळापत्रक हे सगळं प्रश्नाचं उत्तर मिळावं म्हणून आखलेलं असतं. आपल्याकडे हा भ्रम जास्त घट्ट, कारण तो श्रद्धेच्या रूपात येतो. “तुम्ही द्याल ते, डॉक्टरसाहेब.” आणि मुलगा पेन पुढे करतो, “बाबा, इथे.” २०१३ नंतर भारतात काही चाचण्यांत संमतीचं दृक्-श्राव्य चित्रण सक्तीचं झालं. इंदूरच्या एका संघटनेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने त्या वर्षी दिलेल्या आदेशामागे आपल्या इथल्या चाचण्यांचा बराच वाईट अनुभव होता. २०१९ च्या नियमांत नव्या रेणूच्या चाचणीत दुर्बल गटांतल्या सहभागींसाठी ते कायम आहे. कॅमेरा चालू असला की डॉक्टर समजावून सांगतात हे मी पाहिलं आहे. कॅमेऱ्यापुढे ‘नाही कळलं’ म्हणणारा माणूस मात्र मी पाहिला नाही.

हे झालं खोलीच्या आतलं. खोलीबाहेर एक निर्णय आधीच झालेला असतो, आणि त्यावर कुणाचीही संमती घेत नाहीत: तपासायचं काय? २०२३ मध्ये एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष आले. ज्यांचा पीएसए परतला आहे आणि नऊ महिन्यांच्या आत दुप्पट होतो आहे अशा १,०६८ पुरुषांत तीन गट पाडले होते: ल्युप्रोलाइडचं इंजेक्शन, एन्झाल्युटामाइडची गोळी, किंवा दोन्ही. पाच वर्षांनी रोग न पसरता जिवंत असलेले, दोन्हीवाल्यांत ८७.३ टक्के, गोळीवाल्यांत ८०, इंजेक्शनवाल्यांत ७१.४. आठ वर्षांनंतरचा जीवनमरणाचा हिशेब २०२५ मध्ये आला: दोन्हीवाल्यांतले ७८.९ टक्के जिवंत, नुसत्या इंजेक्शनवाल्यांतले ६९.५. उत्तर मोलाचं आहे. मला त्याहून मोलाची वाटली ती चाचणीतली एक तरतूद. छत्तिसाव्या आठवड्याला आकडा ०.२ च्या खाली असेल तर पुढच्या आठवड्यापासून औषध थांबवायचं, आणि आकडा ठरावीक मर्यादेपलीकडे चढला तरच पुन्हा सुरू करायचं. बहुतेकांचं थांबलं. म्हणजे माणसाला मधे काही महिने, कुणाला त्याहून जास्त, आपला देह परत मिळाला.

आता आपल्या जिल्हा रुग्णालयात या. आपल्याकडे आजही पुष्कळ पुरुषांचे अंडकोष शस्त्रक्रियेने काढतात. शास्त्राप्रमाणे परिणाम तोच, खर्च एकदाच, दर तीन महिन्यांनी एसटीने शहरात जाऊन इंजेक्शन घ्यायला नको. गरीब माणसासाठी हा शहाणा निर्णय असू शकतो. पण काढून टाकलेलं सदतिसाव्या आठवड्याला थांबवता येत नाही. थांबायची मुभा इंजेक्शनच्या किमतीत आहे. एकत्रित उपचाराच्या शास्त्रात जो सर्वांत माणुसकीचा भाग, तो नेमका ज्याला इंजेक्शन परवडत नाही त्याच्यासाठी नाही.

एन्झाल्युटामाइड लॉस एंजेलिसमधल्या सार्वजनिक विद्यापीठात, अमेरिकन जनतेच्या पैशाचा आधार घेऊन, शोधलं गेलं. २०१६ मध्ये त्यावरच्या स्वामित्वधनाचे हक्क ११४ कोटी डॉलरच्या आतबाहेर विकले गेले, आणि त्याच वर्षी भारतीय पेटंट कार्यालयाने त्याचा पेटंट अर्ज फेटाळला. म्हणून आपल्या कंपन्या ते बनवतात आणि इथे ते तिथल्यापेक्षा पुष्कळ स्वस्त आहे. तरीही महिन्याच्या महिन्याला ते घेणं सगळ्यांच्या आवाक्यात नाही. मग ज्याचा प्रश्न ‘दोन द्यावीत का’ हा नसून ‘कमीत कमी किती दिलं तर चालेल’ हा आहे, त्याची चाचणी कोण करणार? २०१८ मध्ये अमेरिका आणि सिंगापूरमधल्या ७२ पुरुषांवर असा एक अभ्यास झाला. अबिराटेरोन हजार मिलिग्रॅम उपाशीपोटी घ्यायचं असतं, ते अडीचशे मिलिग्रॅम नाश्त्याबरोबर घेतलं तर? अन्नाबरोबर ते जास्त शोषलं जातं, हे आधीपासून माहीत होतं. पीएसएवरचा परिणाम तुल्यबळ निघाला. औषधाची किंमत चौथ्या हिश्श्यावर. चाचणी लहान होती, आयुष्याचा हिशेब त्यात नव्हता. पण असा प्रश्न विचारायला पैसा लावेल अशी कंपनी कुठून आणायची? मुंबईच्या टाटा मेमोरियलमधल्या डॉक्टरांनी डोक्या-मानेच्या कर्करोगात निवोलुमॅबची मात्रा २० मिलिग्रॅमवर आणून तिची चाचणी केली आणि २०२२ मध्ये ती प्रसिद्ध केली. रोग वेगळा, पण प्रश्न विचारण्याची जागा हीच. ब्रिटनमध्ये २००५ ला सुरू झालेल्या आणि सुमारे १२,००० पुरुष सामावून घेतलेल्या स्टॅम्पीड चाचणीतही कंपन्यांच्या नव्या औषधांबरोबर मेटफॉर्मिन आणि इस्ट्रोजेनच्या त्वचेवरच्या पट्ट्या यांसारख्या स्वस्त गोष्टी तपासल्या गेल्या. तेच इस्ट्रोजेन, १९६० च्या दशकात हृदयाला नडलेलं. त्वचेतून दिलं की ते आधी यकृतातून जात नाही, म्हणून तो धोका टळतो, आणि हाडंही टिकतात. छाती मात्र वाढते.

संमतीच्या खोलीत मी आणखी एकदा बसले होते. टपाल खात्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ होते. पत्रक त्यांनी चष्मा लावून शेवटपर्यंत वाचलं, जे फार थोडे लोक करतात. ‘आपण केव्हाही, कारण न देता, चाचणी सोडू शकता’ या वाक्यावर बोट ठेवून त्यांनी विचारलं, “समजा मला दोन औषधांचा गट मिळाला, नाही सोसलं, आणि मी सहा महिन्यांत सोडून दिलं. मग माझा आकडा कुठे धरणार?”

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तोपर्यंतची माहिती ठेवली जाईल, आणि ती दोन औषधांच्या गटातच धरली जाईल.

“मी दोन घेत नसलो तरी?”

तरीही. ज्यांना सोसत नाही ते सोडतात. त्यांना वगळून उरलेल्यांचाच हिशेब केला तर औषध आहे त्याहून सौम्य आणि गुणकारी दिसेल. म्हणून एकदा चिठ्ठी निघाली की माणूस त्या वाट्यात मोजला जातो.

ते थोडा वेळ पत्रकाकडे पाहत राहिले. मग त्यांनी आपली प्रत टपालाच्या पाकिटासारखी तीन घड्या घालून खिशात ठेवली, घरी बोलून पुढच्या बुधवारी येतो म्हणाले, आणि गेले. आले की नाही ते मला माहीत नाही. समितीकडे सहभागींची नावं येत नाहीत, फक्त संख्या येते.